उंबरठ्यावरची वाफाळी

लाँड्रीवाल्या आत्याशी हुज्जत घालून आजवर कोणी जिंकलेलं नव्हतं. चौकातल्या तिच्या दुकानात छातीएवढा उंच लाकडी काउंटर होता. त्याच्यामागे ती उभी असायची, आणि तिच्यामागे वाफेवर चालणारी मोठी इस्त्री दिवसभर फुसफुसत असायची. गिऱ्हाईक आलं की ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. पहिला शब्द एकच : "चिठ्ठी?" चिठ्ठी असेल तर कपडे मिळायचे, कॉलर ताठ, घडीला घडी लागलेली. नसेल तर आत्या चष्म्याच्या वरून बघायची आणि म्हणायची, "चिठ्ठी नाही? कपडा नाही." मग समोर जुनं गिऱ्हाईक असो, नाहीतर बोहल्यावर चढायला निघालेला नवरदेव. एक नवरदेव खरोखरच बनियनवर येऊन काउंटरपुढे गयावया करत होता. आत्याने त्यालाही घरी पिटाळलं आणि चिठ्ठी आणायला लावली.

एक भाचा सोडला, तर ती तशी कोणाचीच आत्या नव्हती. भाचा लहान असताना दुकानभर ‘आत्या, आत्या’ करत फिरायचा, तेच नाव गल्लीने उचललं. तिला ते आवडलं की नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

तर एका दुपारी एक बाई पडदे घेऊन आली. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी होती. मुलीने आत्याकडे पाहिलं, मागच्या वाफेकडे पाहिलं, आणि आईच्या पायांमागे दडली. मग हळूच डोकं बाहेर काढून म्हणाली, "आई, वाफाळी!"

आईचा चेहरा पडला. "गप गं."

"चिठ्ठी नाही? वाट नाही!" मुलगी मोठ्यांदा ओरडली आणि खिदळत रस्त्यावर पळाली.

आत्याला वाटलं, पोरगी आगाऊ आहे. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानाच्या काचेला नाकं लावून पोरांची रांगच उभी राहिली. सगळ्यांच्या तोंडी तेच : "चिठ्ठी नाही? वाट नाही!" आत्याने कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याचा मग उचलला आणि दार उघडून त्यांच्या अंगावर रिकामा केला. पोरं घाबरायची सोडून आनंदाने किंचाळली. "सेम! अगदी सेम! सिनेमात पण ती अशीच पाणी फेकते!"

शेजारच्या दुकानातला चष्मेवाला हे सगळं बघत होता. तो आत्याला घाबरायचा, पण बातमी पोटात ठेवणं त्याला त्याहून जड जायचं. "अहो, तुमच्या भाच्याचा सिनेमा लागलाय ना! कार्टूनचा. पोरं वेडी झालीयेत. तुम्हाला बोलला नाही तो?"

नव्हता बोलला. मोठं काम चालू आहे, एवढंच फोनवर म्हणाला होता.

आत्याने तिकीट काढलं आणि दुपारच्या खेळाला एकटीच जाऊन बसली. आजूबाजूला सगळी पोरं आणि पोरांचे आईबाप. पडद्यावर एक गाव होतं, तिथल्या चुली विझल्या होत्या. एक किडकिडीत पोरगा होता, त्याला डोंगराकडून कोणीतरी हाका मारत होतं. पोरगा आधी भ्याला. मग त्याला एक फाटक्या कोटातला वाटसरू भेटला. टोपी मागे सारलेली, ओठांवर शीळ. त्याने पोराला रंगीत निखाऱ्यांची पेटी दिली, केसांतून हात फिरवला, आणि धुक्यात विरून गेला. थिएटरातल्या आया डोळे पुसायला लागल्या.

ती शीळ आत्याच्या ओळखीची होती.

आणि मग गावाच्या वेशीवर वाफाळी आली. बॉयलरसारखं धड, नाकपुड्यांतून वाफ, इस्त्रीसारखे चपटे हात, कमरेला चिठ्ठ्यांचा जुडगा, नाकाच्या शेंड्यावर जाड काचांचा चष्मा. "चिठ्ठी नाही?" ती गरजली, आणि अख्ख्या थिएटरने एका सुरात उत्तर दिलं, "वाट नाही!" वाफाळीने पोराला कोठडीत टाकून कडी घातली. पोरगा कडकडून तिच्या मनगटाला चावला आणि निसटला. टाळ्या पडल्या.

आत्याने बाही खाली ओढली. तिच्या उजव्या मनगटावर तो व्रण अजून होता.

उठून जावं असं तिला वाटलं, पण हातातलं काम अर्धवट टाकायची सवय नव्हती. ती शेवटापर्यंत बसली. पोराने दऱ्या ओलांडल्या, अंधाऱ्या विहिरीत पडला, मेल्यात जमा झाला, पुन्हा उठला, आग घेऊन परत आला. वेशीवर वाफाळी उभीच होती. तिने पोराच्या हातातली ज्योत पाहिली, आणि तिचा चेहरा वितळायला लागला. ती गुडघ्यांवर बसली. ढसाढसा रडली. "मी चुकले रे बाळा," म्हणाली, आणि चिठ्ठ्यांचा जुडगा आगीत टाकला.

इथे मात्र आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. राक्षसीण केलं, ठीक. पण रडवलं? आणि ‘बाळा’? तिने त्या कार्ट्याला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं.

भाचा तिच्याकडे आला तेव्हा पाच वर्षांचा होता. आई तापाने गेली होती. बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, त्याला घेऊन दुकानात आला आणि "थोडे दिवस ठेव, ताई," म्हणाला. भाऊ दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि एका जागी टिकायचा नाही. थोड्या दिवसांची वर्षं झाली. आत्या तेव्हा दुकानाच्या माळ्यावर एकटी राहायची. लग्नाचं तिचं जमलं नव्हतं, आणि जमवायला वेळ असलेलं माणूसही घरात उरलं नव्हतं. तिने माळ्यावर दुसरी गादी टाकली. पोराला पहाटे उठवायची, बॉयलर तापेपर्यंत त्याचा अभ्यास घ्यायची, गणित चुकलं की कान पिळायची.

पोरगं चित्रं काढायचं. शर्टाच्या घडीत घालायचे पांढरे पुठ्ठे चोरायचं आणि त्यावर घोडे, किल्ले, माणसं. आत्या त्याला हँगरने मारायची. हातात तेच असायचं.

भाऊ वर्षातून एखाद्या वेळी उगवायचा. शीळ घालत यायचा, पोराला खांद्यावर घ्यायचा, रंगीत पेन्सिलींची पेटी द्यायचा. आत्या जेवायला वाढेपर्यंत निघून गेलेला असायचा. मग पोरगं पुढचे कितीतरी दिवस आत्याशी धड बोलायचं नाही, जणू तिनेच त्याला हाकललं.

एका सकाळी भाऊ कोणाची तरी स्कूटर घेऊन आला. पोराला समुद्र दाखवायला नेतो म्हणाला. रस्ता घाटाचा होता. भावाच्या तोंडाला वास येत होता. आत्याने एक शब्द न बोलता पोराला माळ्यावर ढकललं आणि बाहेरून कडी घातली. पोरगं दारावर लाथा मारत होतं. भाऊ खाली हसून म्हणाला, "ताई, तू बदलणार नाहीस," आणि स्कूटरला किक मारून गेला. कडी काढल्यावर पोराने तिच्या मनगटाचा लचका तोडला. डॉक्टरकडे टाके घालावे लागले. त्यानंतर काही घडलं नाही. स्कूटर दरीत पडली नाही. पुढच्या वर्षी भाऊ पुन्हा आला, पेन्सिलींची आणखी मोठी पेटी घेऊन.

मोठा झाल्यावर भाचा चित्रकला शिकायला दूरच्या शहरात गेला. निघताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. आत्या इस्त्री करत राहिली, आणि तो पाठमोऱ्या आत्याला "जातो" म्हणून गेला.

सिनेमा पाहिल्यावर दुसऱ्याच सकाळी आत्याने दुकानाला कुलूप लावलं. चष्मेवाला बघतच राहिला. ताप असला तरी दुकान बंद न ठेवणारी बाई पर्स काखोटीला मारून बसस्टॉपकडे निघाली होती.

भाचा काम करायचा ते ऑफिस काचेचं होतं, आणि आत सगळे मोज्यांवर फिरत होते. तिला पाहून तो खुर्चीतून उडालाच. "आत्या! तू? इथे? आणि दुकान?"

"बंद. कुठे बोलायचं?"

त्याने तिला एका खोलीत नेलं. एका भिंतीवर भलं मोठं वर्तुळ काढलेलं होतं, घड्याळाच्या तबकडीसारखे त्याचे भाग पाडलेले, आणि प्रत्येक भागाखाली चित्रं टाचलेली. वाफाळी तिसऱ्या-चौथ्या घरात होती. एक नाही, दहा वाफाळ्या : रागावलेली, ओरडणारी, झोपलेली, रडणारी.

"हे काय आहे?"

"हा प्रवास आहे. नायकाचा." बोलायला विषय मिळाला म्हणून तो घाईघाईने सांगू लागला. "बहुतेक परीकथा अशाच जातात, आत्या. नायक घरी असतो. बाहेरून बोलावणं येतं. तो आधी नाही म्हणतो. मग गुरू भेटतो, काहीतरी देऊन निघून जातो. मग उंबरठा. उंबरठ्यावर अडवणारं कोणीतरी लागतंच. कोणी अडवलंच नाही, तर तो निघाला हे कळणार कसं? मग संकटं, मग मरणाच्या दारातून परत, आणि शेवटी घर. जो आधी अडवत होता तो शेवटी वाट देतो. गोल पूर्ण होतो."

"आणि अडवायला मी सापडले."

"ती तू नाहीस गं. म्हणजे, थोडी प्रेरणा..."

"वाक्य माझं, चष्मा माझा, मनगटसुद्धा सोडलं नाहीस. प्रेरणा म्हणे!"

तो खाली बघत म्हणाला, "तू मला मारायचीस, आत्या. हँगरने."

"मारायचे."

"चित्रं काढली म्हणून."

"गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर निळा घोडा उमटला म्हणून."

"मी सात वर्षांचा होतो."

ती वर्तुळाजवळ गेली आणि फाटक्या कोटातल्या वाटसरूवर बोट ठेवलं. "आणि हा गुरू?"

भाच्याने मान दुसरीकडे वळवली.

"बोल की. रोज दारात उभी असते ती राक्षसीण. आणि वर्षातून एकदा पेन्सिली टाकून पळतो तो गुरू. त्याला धुक्यात विरायला काय जातंय? त्याच्यासाठी वाढलेलं मागे मी खायचे."

"त्या दिवशी," भाचा एकदम म्हणाला, "समुद्राच्या दिवशी, तो प्यायला होता का?"

"वास येत होता. आदल्या रात्रीचा की सकाळचा, ते मला ठाऊक नाही."

"म्हणजे तुला खात्री नव्हती."

"नव्हती."

"आणि तरी तू मला कोंडलंस."

"तरी. आज आला तरी कोंडीन."

"मी समुद्र पाहिला तो थेट विसाव्या वर्षी!" त्याचा आवाज चढला.

"पाहिलास ना? डोळे शाबूत होते, पाय शाबूत होते. झालं."

तेवढ्यात दार उघडून भाच्याचा साहेब आत आला. कोणीतरी त्याला खबर दिली असावी. आत्याकडे पाहून त्याने टाळीच वाजवली. "अरे! ह्याच का त्या? हुबेहूब! मावशी, एक फोटो काढू या का, वाफाळीच्या चित्राशेजारी?"

"मी तुमची मावशी नाही. आणि फोन खिशात ठेवा."

साहेब खदखदून हसला. "तोच आवाज! ऐका ना, तुम्ही आलात ते देवासारख्या आलात. आम्ही दुसरा भाग करतोय. पूर्ण वाफाळीवर. ती अशी का झाली, तिचं दुःख काय, आतून ती किती प्रेमळ आहे. पोरं डोक्यावर घेतील तुम्हाला. ह्याला किती दिवस सांगतोय, जा, आत्याशी बोल, खरं काय ते विचार. हा नुसता टाळतो."

आत्याने भाच्याकडे पाहिलं. तो भिंतीत शिरता आलं तर बरं, अशा चेहऱ्याने उभा होता. मग ती साहेबाकडे वळली. "आतून प्रेमळ आहे, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे, असणारच ना."

"का? बाहेरून आहे ती पुरत नाही?"

"मावशी... सॉरी. बाई. लोकांच्या मनातली तुमची प्रतिमाच बदलेल. आज हसतात, उद्या पाया पडतील."

"मला ते रडणं काढून हवंय," आत्या म्हणाली. "शेवटचं. मी चुकले रे बाळा, ते."

"ते कसं काढणार? गोल पूर्ण होत नाही मग."

"मग नाही होत. राक्षसीण राहू द्या मला, माझी काही तक्रार नाही. पण तुमच्या गोलासाठी मी चांगली होणार नाही. माझ्या घरात काय झालं ते माझं माझ्यापाशी. विचारायला पुन्हा कोणाला पाठवू नका. आणि हा आला," तिने भाच्याकडे हनुवटी उडवली, "तर ह्यालाही काउंटरच्या अलीकडे घेणार नाही."

ती तडक निघाली. भाचा तिच्या मागोमाग मोज्यांवरच रस्त्यापर्यंत धावत आला.

"थांब! तू माझ्यासाठी एवढं केलंस, म्हणून मी तुझ्याबद्दल खोटं बोलायला हवं होतं का?"

"खोटं कोण बोल म्हणालं? खरं बोलायला काय धाड भरली होती?"

"तेच खरं होतं!" तो भर रस्त्यात ओरडला. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. "मी तेवढा होतो, आत्या. काउंटरला माझं डोकं पोचत नव्हतं. खालून तू तेवढीच मोठी दिसायचीस. वाफ खरंच तुझ्या डोक्यातून निघतेय असं वाटायचं. मी काही तिखटमीठ लावून सांगितलं नाही!"

आत्याने त्याच्या पायांकडे पाहिलं. मोजे चिखलाने भरले होते. "ते धुताना आधी गार पाण्यात टाक," ती म्हणाली. बस आली, ती चढली, आणि खिडकीकडे पाठ करून बसली.

दुसरा भाग निघालाच. आत्याची गोष्ट मिळाली नाही, म्हणून त्यांनी वाफाळीला एक प्रियकर दिला. चष्मेवाला बघून आला आणि भीत भीत म्हणाला, "त्यात तिचा एक खलाशी असतो. वादळात बुडतो बिचारा. म्हणून ती अशी."

"बरं झालं बुडाला," आत्या म्हणाली आणि पुढची चादर दाबायला घेतली.

भाच्याचा फोन तसा बंद झाला. तिनेही केला नाही.

मग एका हिवाळ्यात इस्त्रीची वाफेची नळी फुटली आणि आत्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. चष्मेवाल्याने तिला न विचारता भाच्याला कळवलं. संध्याकाळी भाचा खांद्याला बॅग अडकवून दुकानात हजर. आत्या पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून स्टुलावर बसली होती.

"कोणी बोलावलं तुला?"

"कोणी नाही. नळी बदलायला माणूस सांगितलाय. उठ, वर जाऊन पड."

ती उठली नाही. तो दुकान चालवत होता ते सगळे दिवस ती तिथेच स्टुलावर बसून राहिली आणि त्याचं प्रत्येक काम नावं ठेवत बघत राहिली. घडी अशी नाही. कॉलर आधी, पाठ मग. पाणी किती मारतोस, भाताला मारतोस का? त्याने दात-ओठ खात सगळं ऐकून घेतलं. शेवटी एका बाईच्या रेशमी झग्यावर त्याने इस्त्री जरा जास्त वेळ टेकवली आणि खांद्यावर तपकिरी डाग पडला. बाई काउंटरपुढेच उभी होती.

"आंधळा आहेस का?" आत्या कडाडली. "लहानपणापासून बघतोयस, रेशमाला किती आच लागते कळत नाही? कागदावर रेघोट्या मारून मारून अक्कल गेली सगळी!"

भाच्याने इस्त्री उभी केली. "कळत नाही! नाही कळत मला! तू एकदा तरी नीट शिकवलंस का? नुसती बोंबललीस! आयुष्यभर नुसती बोंबललीस!"

"आवाज खाली."

"नाही करणार! माझी चूक झाली, मी ह्यांना भरपाई देतो. पण पुन्हा मला आंधळा म्हणालीस ना, तर हा गठ्ठा रस्त्यावर फेकीन. तुझ्यासकट!"

झग्यावाली बाई एक पाऊल मागे सरकली. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या गळ्याची शीर फुगली होती, कान लाल झाले होते, आणि ह्या खेपेला डोळे खाली गेले नव्हते.

"फेकून बघ," ती शेवटी म्हणाली, पण त्यात नेहमीची धार नव्हती. मग बाईकडे वळून म्हणाली, "परवा या. खांद्याची शिवण उसवून तेवढं कापड आत घेते. डाग दिसणार नाही." आणि भाच्याला म्हणाली, "इकडे ये. हात दाखव. मूठ अशी नाही धरायची. बघ."

तिने उजव्या हाताने त्याला रेशमाला इस्त्री कशी अधांतरी धरायची ते दाखवलं. त्याने पाहिलं, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं.

पट्टी निघाल्यावर तो गेला. तो गेल्यावर आत्याने त्याने केलेल्या सगळ्या घड्या मोडल्या आणि नव्याने घातल्या. आता तो अधूनमधून फोन करतो. तब्येतीची चौकशी होते, आणि दुसऱ्या वाक्याला भांडण सुरू होतं : नवी नळी कोणत्या कंपनीची घ्यायला हवी होती, त्याने लग्न कधी करायचं, तिने दुकान कधी बंद करायचं. आवाज इतके चढतात की शेजारी चष्मेवाल्याला सगळं ऐकू जातं. फोन कधी ती आपटते, कधी तो.